दहा ओळींसाठी किती ओळी वाचायच्या?

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं, की कॅसॅन्ड्रामध्ये कुठली ओळ कुठल्या नोडवर जाणार हे पार्टिशन की ठरवते. कीचं हॅशिंग होतं, त्यातून टोकन मिळतं आणि टोकनावरून नोड सापडतो. आज प्रश्न असा, की क्वेरीत ही कीच दिली नाही तर काय होतं?

समजा, आपलं ऑर्डरचं टेबल आहे आणि पार्टिशन की आहे ग्राहक क्रमांक. ‘या ग्राहकाच्या ऑर्डर द्या’ म्हटलं, की डेटाबेस थेट योग्य नोडकडे जातो. पण ‘रद्द झालेल्या ऑर्डर द्या’ म्हटलं, तर त्या कुठे आहेत हे त्याला माहीतच नसतं. मग तो क्वेरी नाकारतो आणि सांगतो, की हिच्या वेगाचा भरवसा नाही. तरीही हवीच असेल तर शेवटी ‘अलाउ फिल्टरिंग’ लिहा.

इथेच आपण फसतो. चाचणीच्या टेबलात असतात पाचशे ओळी, त्यामुळे उत्तर लगेच येतं. तीच क्वेरी खऱ्या क्लस्टरवर गेली, की एकामागून एक नोडला आपला डेटा वाचत बसावं लागतं. अशा वाचनाची मूळ मुदत १० सेकंदांची असते. ती उलटली की टाइमआउट. तोवर इतरांच्या साध्या क्वेरीही रखडतात.

कोणी म्हणेल, ‘लिमिट १०’ लावू या. पण लिमिट मोजते ती मिळालेल्या ओळी, वाचलेल्या नव्हे. शंभरात एक ऑर्डर रद्द असेल, तर दहा मिळेपर्यंत साधारण हजार ओळी वाचाव्या लागतील. लाखात एक असेल, तर दहा लाख!

साधा सेकंडरी इंडेक्स? तो प्रत्येक नोड आपल्यापुरता ठेवतो. म्हणजे की नसेल, तर पुन्हा अनेक नोडना विचारणं आलंच.

खात्रीचा मार्ग म्हणजे रद्द ऑर्डरसाठी वेगळं टेबल करणं, आणि त्याची पार्टिशन की रद्द झाल्याची तारीख ठेवणं. नुसती ‘रद्द’ ही स्थिती की म्हणून घेतली, तर एकच पार्टिशन फुगत जाईल. अर्थात, यात एकच माहिती दोनदा लिहावी लागते.

मग फिल्टरिंग कधीच करू नये का? तसं नाही. ग्राहक क्रमांक दिलेला असेल आणि त्याच्या शे-दोनशे ऑर्डरमधूनच चाळायचं असेल, तर खुशाल करा.

ही दोन टेबलं एकमेकांशी जुळती कशी ठेवायची, ते पुढच्या वेळी पाहू.