सप्तभाषी बिशपांची अखेरची वाट

नाताळच्या निमित्ताने ख्रिस्ती सत्पुरुषांची नावे आपण आदराने घेतो, पण थॉमस व्हॅल्पी फ्रेंच हे नाव त्यांत सहसा येत नाही. वस्तुतः या आंग्ल धर्मगुरूंच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे हिंदुस्थानातच गेली.

१ जानेवारी १८२५ रोजी बर्टन-ऑन-ट्रेंट या गावी एका पाद्र्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. रग्बीच्या शाळेत डॉ. अर्नोल्ड यांच्या हाताखाली शिक्षण, पुढे ऑक्सफर्डची विद्वत्ता असे सारे वैभव पायाशी असताना १८५० साली त्यांनी स्वदेश सोडला आणि आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजचे ते पहिले प्राचार्य झाले. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता. तो त्यांनी कधी लपविला नाही. मात्र ज्याला काही सांगावयाचे त्याची भाषा आधी आत्मसात करावी, हा त्यांचा नेम. उर्दू, हिंदी, फारसी, अरबी, पंजाबी, पश्तू अशा भाषांचा त्यांनी इतका व्यासंग केला की लोक त्यांना ‘हफ्त-जबान पाद्री’, म्हणजे सात जिभांचा पाद्री, म्हणू लागले.

एप्रिल १८५४ मध्ये आग्र्यात मौलाना रहमतुल्ला कैरानवी आणि पाद्री फांडर यांच्यात जाहीर धर्मवाद झाला, तेव्हा फ्रेंच हे फांडर यांचे साहाय्यक होते. मौलानांचे सहकारी डॉ. वझीर खान यांनी युरोपीय पंडितांचेच ग्रंथ पुढे ठेवले आणि पाद्रीपक्षाची चांगलीच अडचण झाली. फ्रेंच यांचा अरबीचा अभ्यास मात्र पुढे आयुष्यभर चालूच राहिला.

परंतु या पुरुषाची खरी ओळख पटते ती १८५७ साली. आग्र्यातील गोरे लोक तलवारी आणि पिस्तुले सरसावून बसले असताना प्राचार्य फ्रेंच कॉलेजात शांतपणे शिकवीत होते, आणि नगरातील मुले त्यांच्यासमोर तशीच शांत बसली होती. पुढे संकट वेशीशी आले तेव्हा युरोपियनांना किल्ल्यात आसरा मिळाला. देशी ख्रिस्ती लोकांना मात्र मनाई झाली. फ्रेंच दारातच थांबले. आपली माणसे बाहेर राहणार असतील तर आपणही आत येणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. अखेर त्या सर्वांना आत घ्यावे लागले. स्वधर्मीयांनाही वर्णावरून दाराबाहेर ठेवणाऱ्या त्या राज्यकर्त्यांविषयी काय बोलावे!

१८७० साली त्यांनी लाहोरला धर्मशिक्षणाची पाठशाळा काढली. तेथे देशी विद्यार्थ्यांना हिब्रू आणि ग्रीक शिकविली जाई, पण उर्दूच्या माध्यमातून, इंग्रजीचा वळसा न घालता. देशी भाषेत गहन विद्या पेलणार नाही असे मानणाऱ्यांचा तो काळ, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयोगाचे मोल कळते.

डिसेंबर १८७७ मध्ये ते लाहोरचे पहिले बिशप झाले. दिल्लीपासून सिंधपर्यंतचा मुलूख त्यांच्या अधिकाराखाली आला. जानेवारी १८८७ मध्ये लाहोरच्या भव्य कॅथीड्रलचे पवित्रीकरण त्यांच्या हस्ते झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी पद सोडले. मठाधिपतीने मठ उभा राहताच झोळी खांद्यावर टाकून निघावे, तसेच हे घडले.

प्रकृती खालावलेली असूनही विश्रांती त्यांना मानवली नाही. फेब्रुवारी १८९१ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते अरबस्तानातील मस्कतला उतरले. संस्था नाही, अधिकार नाही, अनुयायी नाहीत. बाजाराच्या वाटेवर बसून अरबी बायबल वाचावे, थांबेल त्याच्याशी बोलावे, हाच दिनक्रम. कुणी ऐके, कुणी हुज्जत घाली. अवघ्या तीन महिन्यांत तेथील उन्हाने त्यांचा देह थकविला आणि १४ मे १८९१ रोजी त्यांनी इहलोक सोडला.

मस्कतजवळ कड्यांच्या कुशीत, समुद्राच्या एका लहानशा वाकणात त्यांना पुरण्यात आले. त्या काळी तेथे होडीनेच जावे लागे.