लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाताना

आमच्या गटातल्या एका मावशींना अमेरिकेचा व्हिसा मिळाला. लेकीचं पहिलं बाळंतपण, चार महिन्यांचा मुक्काम. डिंकाचे लाडू, अळीव, दुपटी, सगळं बांधून झालं होतं. प्रवास विम्याचा फॉर्म मात्र तिकीट काढणाऱ्याने भरून 'फक्त सही करा' म्हणून दिलेला. मावशींनी तो बैठकीत आणला म्हणून बरं.

आम्ही तो ओळ न ओळ वाचला. 'जुना आजार आहे का?' यापुढे 'नाही' लिहिलेलं. मावशी तर सहा वर्षं बीपीची गोळी घेतात! म्हणे, खरं लिहिलं तर हप्ता वाढतो. वाढू दे की. लपवलेला आजार दवाखान्यात उघडा पडतोच, मग कंपनी क्लेम नाकारू शकते. तिथे दोन-तीन रात्री ॲडमिट व्हावं लागलं तरी बिल लाखांत जातं, ते जावयाच्या डोक्यावर. आपलं आयुष्मान कार्ड तिथे चालत नाही.

आजार लिहिला म्हणजे त्याचा सगळा खर्च मिळतो, असंही नाही बरं का. बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजाराला जीवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात, काहींत मिळतच नाहीत. ते आधी विचारायचं. साठीच्या पुढे खोलीभाड्याला, ऑपरेशनला वेगळी मर्यादा आहे का, तेही बघायचं. 'डिडक्टिबल' शंभर डॉलर असेल, तर दवाखान्याच्या खर्चातले पहिले शंभर आपणच भरायचे.

फ्रान्स, जर्मनीसारख्या शेंगेन देशांच्या व्हिसालाच किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विमा मागत नाहीत, म्हणून लोक टाळतात किंवा सगळ्यात स्वस्त घेतात. बॅग हरवल्याचे पैसे किती, हे आम्ही शेवटी पाहिलं. बॅगेचं काय एवढं!

फॉर्म नव्याने भरला. हप्ता वाढला, पण बीपी कागदावर आला. निघण्याच्या दिवसापासून परतीपर्यंतच्या तारखा तपासल्या. मुक्काम वाढला तर मुदत संपायच्या आधीच कंपनीला कळवायचं, असं लेकीला फोनवर सांगितलं. पॉलिसी नंबर आणि मदतीचा फोन नंबर दोन चिठ्ठ्यांवर लिहिला. एक लेकीकडे जाईल, दुसरी मावशींच्या बटव्यात, गोळ्यांच्या पाकिटाशेजारी.