तिकिटाचे दोन हिशेब: जत्रा आणि उद्यान

परळी वैजनाथच्या महाशिवरात्री यात्रेसारख्या जत्रांत आकाशपाळण्याचे तिकीट फेरीगणिक असते, तर गोराईचे एस्सेलवर्ल्ड (१९८९) आणि खोपोलीजवळचे इमॅजिका (२०१३) यांसारख्या उद्यानांमुळे एकरकमी प्रवेशमूल्य, म्हणजे दारातच एकदा पैसे भरून दिवसभर खेळण्याची पद्धत, महाराष्ट्रात परिचित झाली. उद्यानाचा जमीन, यंत्रे व देखभाल यांवरील खर्च गर्दी नसतानाही फारसा घटत नसल्याने मागणीनुसार दर बदलतात, म्हणजे सुट्टीत तिकीट महागते व एरवी सवलत मिळते. उद्यानांच्या तिकिटांवर २०१७ मध्ये लागू झालेला २८ टक्के वस्तू व सेवा कर जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. तरीही ग्रामीण कुटुंबाला फेरीगणिक दरच अधिक न्याय्य ठरतो, कारण त्यात ऐपतीप्रमाणे खर्च बेतता येतो.