चक्र वाचवायचं तर ते फिरायला हवं

अमेरिकेतली जुनी मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. त्यामुळे लाकडी घोड्याची उजवी बाजू कायम बघ्यांकडे. कारागिरांनी आपली सगळी हौस तिथेच फेडली: आयाळीच्या उडत्या बटा, खोगिरावरची नक्षी, लगामातले चकाकते खडे. डावी बाजू बरीचशी साधी. घोड्याचं धडही अखंड ओंडक्याचं नसे. फळ्या सरसानं चिकटवून पोकळ पेटी करायची आणि डोकं, पाय वेगळे कोरून तिला जोडायचे. वजन कमी राही आणि लाकूडही सहसा तडकत नसे.

या कलेतलं एक मोठं नाव म्हणजे फिलाडेल्फियाची डेंझेल कंपनी. तिनं १९२१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या ग्लेन एको पार्कसाठी घडवलेल्या मेरी-गो-राउंडवर ४० घोडे, ४ ससे, ४ शहामृग आणि सिंह, वाघ, जिराफ, हरिण असे ५२ प्राणी आहेत.

पार्क फक्त गोऱ्यांसाठी होतं. ३० जून १९६० रोजी काही कृष्णवर्णीय विद्यार्थी तिकिटं घेऊन या प्राण्यांवर बसले, तेव्हा चक्र सुरूच केलं गेलं नाही. उठायला नकार दिला म्हणून पाच जणांना अटक झाली. उन्हाळाभर फाटकावर निदर्शनं चालली. शेजारच्या बॅनकबर्न वस्तीतले गोरे रहिवासीही त्यांत उतरले. १९६१ च्या हंगामात पार्क सर्वांना खुलं झालं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या पाच जणांची शिक्षा रद्द केली.

१९६८ च्या हंगामानंतर पार्क बंद पडलं आणि १९७० मध्ये चक्र विकलं गेलं. त्या काळात अशी कित्येक चक्रं मोडून एकेक घोडा संग्राहकांच्या घरी गेला, कारण सुट्या घोड्यांना भाव चांगला येई. इथं मात्र परिसरातल्या लोकांनी ८०,००० डॉलर जमवून अख्खं चक्र परत विकत घेतलं. ते आजही आपल्या मूळ मंडपातच आहे.

खरं कसब पुढे लागलं. वर्षानुवर्षं रंगाचे हात मारून मारून कोरीवकाम बुजत आलं होतं. रोझा पॅटन यांनी १९८३ ते २००३ अशी वीस वर्षं एकेका प्राण्यावर काम केलं. अशा कामात वरचे थर बेतानं उतरवत मूळ रंगापर्यंत पोचायचं आणि कुठं कोणती छटा, कोणती वेलबुट्टी होती याची नोंद करायची. पण सापडलेला रंग उघडा ठेवला, तर मुलांच्या चढण्या-उतरण्यानं तो लवकरच झिजेल. म्हणून त्यावर वॉर्निशचा संरक्षक थर देऊन वर तसंच चित्र नव्यानं रंगवण्याची पद्धत आहे. झीज होते ती नव्या रंगाची. तो खराब झाला की मूळ रंगाला धक्का न लावता उतरवता येतो. आपलं काम पुढच्या माणसाला पुसता यावं, अशा बेतानंच ते करायचं असतं.