जुन्या सागवानी खिडक्यांना दुहेरी काच



उसाचे बिल हाती आले की घराची डागडुजी निघते, अन् पहिली कुऱ्हाड पडते जुन्या खिडक्यांवर. नवेगाव बांधच्या भागात साग चांगला होतो. अशा सागाची धड चौकट मोडीत काढू नका, असे आमचे सांगणे आहे.

दोन काचांमध्ये सुमारे १२ मिलिमीटर कोरडी हवा कोंडली, की काचेतून झिरपणारी उष्णता जवळपास निम्मी होते. थेट ऊन मात्र साधी दुहेरी काच फारसे अडवीत नाही. त्याला बाहेरून छज्जा किंवा वाळ्याचा ताटवाच हवा. शिवाय कूलरला खिडकी उघडी लागते. म्हणजे कूलरच्या खोलीत हा खर्च वायाच. एअर कंडिशनरच्या बंद खोलीत तो कामी येतो.

आधी चौकट टोचून वाळवी व कूज पाहा, फटी बुजवा. ४ मिलिमीटरच्या दोन काचा अन् मधली हवा मिळून जाडी २० भरते. झडपेची खाच तेवढी खोल आहे काय, ते मोजा. काचेचे वजन चौरस मीटरला १० किलोवरून २० किलोवर जाते, तेव्हा बिजागऱ्या भक्कम हव्यात. जवसाच्या तेलाची लांबी लावू नका. तिने काचांच्या कडेची सील बिघडते. मग आत वाफ धरते अन् ती पुसता येत नाही.

खाच पुरत नसेल तर आतल्या बाजूने काचेची दुसरी झडप बसवा. जुनी खिडकीही राहील.

पैसा घामाचा आहे. आधी फटी, मग सावली, शेवटी काच.