अडकलंय कुठे, ते आधी विचारा

विंडोज किंवा लिनक्स टाकताना स्क्रीन गोठली, की लोक पहिला आळ पेनड्राइव्हवर घेतात आणि दुसरा हार्ड डिस्कवर. दुरुस्तीच्या धंद्यात केस पिकले. मी या दोघांकडे सगळ्यात शेवटी वळतो. गिऱ्हाइकाला आधी एकच विचारतो, "दर वेळी एकाच जागी अडकतं, की जागा बदलते?"

जागा बदलत असेल, एकदा बारा टक्क्यांवर आणि पुढच्या खेपेला साठवर, तर संशय रॅमवर. घरातल्या गेमवाल्या पोराने बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून २१३३ची डीडीआर४ रॅम ३२००वर पळवलेली असते. रोजच्या वापरात ते खपून जातं. इन्स्टॉल करताना मात्र हजारो फायली उलगडायच्या असतात. तिथे एक बिट चुकला तरी काम थांबतं. एक्सएमपी बंद करायचं आणि मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवायची.

जागा एकच असेल तर मशीनने कुठल्या तरी भागाला हाक मारलीय आणि उत्तर आलेलं नाही. सध्या अशी मशीन बरीच येतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, जुन्या मशीनवर ११ बसत नाही, म्हणून मंडळी लिनक्सकडे वळतात. परवाच एक शिक्षिका डेस्कटॉप घेऊन आल्या. भाच्याने लिनक्स मिंट टाकायला घेतलं, मेनू दिसला, पुढे नुसता काळोख. "दादा, डिस्क गेली ना?" तोवर पेनड्राइव्ह बदलून झाले होते.

आत एनव्हिडियाचं कार्ड होतं. मिंटच्या मेनूवर 'ई' दाबलं की काही ओळी उघडतात. त्यातल्या 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द असतात. लोगो दाखवून खालचा सगळा मजकूर झाकणं हे त्यांचं काम. (ही सजावट कुणाला हवी असते, देव जाणे.) ते खोडून एफ१० दाबलं, की मशीन काय करतंय ते ओळीओळीने दिसतं आणि शेवटची ओळ बहुधा गुन्हेगाराचं नाव सांगते. इथे ती 'नूव्हो'ची होती, म्हणजे एनव्हिडिया कार्डाच्या मोफत ड्रायव्हरची. त्याच जागी 'नोमोडसेट' लिहिलं, तेव्हा कर्नलने कार्डाची छेड काढली नाही आणि साध्या चित्रावर काम पुढे सरकलं. पहिल्यांदा सुरू करतानाही तोच शब्द द्यावा लागला. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून कंपनीचा ड्रायव्हर घातला.

काही ठिकाणी दोष एसीपीआयचा निघतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६मध्ये आणलेली ही पद्धत; कुठला भाग कुठे आहे आणि त्याची वीज कशी सांभाळायची, याचे तक्ते मदरबोर्ड यातून सिस्टिमला देतो. तक्ता चुकला की सिस्टिम अडखळते. एक्सपीच्या काळी सेटअप सुरू होताना खाली एफ६ची सूचना यायची, तेव्हा आम्ही गुपचूप एफ७ दाबायचो. एसीपीआय बाजूला राहायचं आणि अडलेला सेटअप पुढे जायचा. लिनक्समध्ये त्यासाठी 'एसीपीआय=ऑफ' आहे. पण लॅपटॉपवर ते कायमचं ठेवू नका. बॅटरीचा आकडा दिसेनासा होतो, बंद करूनही मशीन नीट बंद होत नाही. आधी बायोस अपडेट शोधा.

बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड उगाच बदलू नका. आयडीई किंवा रेडवर टाकलेली विंडोज तयारी न करता एएचसीआयवर नेली, तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन दाखवते.

जुन्या मदरबोर्डवर हा बदल कुणी न करताही होतो. सीआर२०३२चा सेल संपलेला असतो, रात्री लाइट जाते आणि सगळी सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी होतात. "काल तर चालत होतं!" असं म्हणत कुणी आलं, की मी मशीनचं घड्याळ बघतो. तारीख काही वर्षं मागची असेल तर आधी सेल बदलतो, मग फोटो बघून साटाचा मोड होता तसा लावतो.