शिकायला जाणाऱ्यांची खोली : आधी पाणी पाहा, मग भाडे

बारावीचा निकाल लागला, की आपल्या बेलापूर-श्रीरामपूर भागात घरोघरी प्रवेशाची धावपळ सुरू होते. कोणते कॉलेज, कोणती शाखा, फी किती, यावर महिना-महिना खल चालतो. प्रवेश मिळाला, की वडील मुलाला घेऊन पुण्याला जातात, दुपारपर्यंत फिरून एक खोली पाहतात, अनामत रक्कम देतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. कॉलेजच्या निवडीला महिना आणि खोलीच्या निवडीला अर्धा दिवस! वास्तविक मूल कॉलेजात असते पाच-सहा तास. बाकीचा बहुतेक वेळ ते त्या खोलीत, तेथले पाणी पिऊन आणि मेसचे अन्न खाऊन काढते.

दिवाळीच्या सुट्टीत ही मुले गावी आली, की त्याचा परिणाम दवाखान्यात दिसतो. कोणाचे डोळे काविळीने पिवळे, कोणाला विषमज्वर, कोणाच्या बोटांच्या बेचक्यात खरूज, तर कोणाचे वजन उतरलेले. यातले पुष्कळसे टाळता येण्याजोगे असते. डॉक्टर रोग्याला क्रमाने तपासतो, तशीच खोलीही क्रमाने तपासावी.

वसतिगृहाचा अर्ज आधी करा

गरीब मुलाच्या शिक्षणात राहण्या-जेवणाची सोय हीच खरी अडचण असते, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठीच.

म्हणून कॉलेजचे, समाजकल्याण खात्याचे किंवा एखाद्या संस्थेचे वसतिगृह मिळते का, ते प्रथम पाहावे आणि मुदतीत अर्ज करावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ही योजना सुरू झाली तेव्हा पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात भोजनासाठी ३२,००० आणि निवासासाठी २०,००० होते. म्हणजे भाड्यापेक्षा जेवणाला जास्त! घरचा हिशेब मांडतानाही हे प्रमाण लक्षात ठेवावे. सध्याचे दर व अटी समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात.

पिण्याचे पाणी

खोली पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नको, पाण्याचा असावा. पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे? गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली? तिला झाकण आहे का? शक्य तर जिना चढून टाकी स्वतः पाहावी. मालकाला संकोच वाटला तरी आपण संकोच करू नये.

हे एवढे आग्रहाने का सांगतो? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’ या आजाराची साथ आली. पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पायलोबॅक्टर’ नावाचे जंतू सापडले. हे जंतू दूषित पाण्यातून किंवा नीट न शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून पोटात जातात. प्रथम जुलाब होतात. ते थांबल्यावर थोड्या दिवसांनी काही जणांत, जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांना मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडू लागतात. असे झाल्यास वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जावे. हा आजार विरळा, पण कावीळ आणि विषमज्वर हे त्याच वाटेने येणारे रोजचे पाहुणे आहेत.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते निदान एक मिनिट उकळावे, झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे. उकळण्याची सोय नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणात वापराव्यात. विषमज्वर आणि ‘अ’ प्रकारच्या काविळीची लस मिळते. बाहेरगावी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना त्याविषयी विचारावे.

खोलीत माणसे किती?

पुण्यात ‘कॉट बेसिस’ची पद्धत आहे. खोली नव्हे, फक्त खाट भाड्याने. स्वस्त पडते म्हणून एकाच खोलीत पाच-सहा खाटा लावलेल्या असतात. आम्हा डॉक्टरांना आरोग्यशास्त्रात एक साधे माप शिकवतात : ११० चौरस फुटांच्या, म्हणजे १० बाय ११ फुटांच्या खोलीत दोनच माणसे असावीत. शहरात हे माप तंतोतंत पाळणे कठीण हे मान्य, पण त्याच खोलीत पाच खाटा असतील तर तेथून उठावे हे बरे.

दाटीत आणि कोंदट हवेत क्षयाचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. खोलीला उघडणारी खिडकी हवी. समोरासमोर दोन असतील तर उत्तम. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्याने थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत असतात. खरूज झाल्यास एकट्याने मलम लावून भागत नाही. खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत, कपडे-चादरी गरम पाण्याने धुवाव्यात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा.

न्हाणीघरातला न दिसणारा धोका

हा मुद्दा पालकांच्या ध्यानीमनीही नसतो. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात असेल, तर प्राणवायू कमी पडून गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातपाय गळून जातात. दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. धडधाकट तरुण मुले-मुली आंघोळीला गेली आणि परत आली नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो.

गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावा आणि न्हाणीघराला बंद न होणारा झरोका असावा. तसे नसेल तर ती खोली घेऊ नये, भाडे कितीही कमी असो.

मेस आणि मन

मेस ठरवण्यापूर्वी तेथे एकदा जेवावे आणि जमल्यास स्वयंपाकघरात डोकवावे. वाढणाऱ्याचे हात, भांडी धुण्याची जागा आणि माश्या, एवढे पाहिले तरी पुरते. चहा-बिस्कीट आणि वडापाववर दिवस काढणारी मुले महिन्याभरात थकतात. मुलींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण आधीच मोठे असते. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी, केळी आणि एखादे अंडे खोलीवरही सहज जमते.

मनाकडेही लक्ष असू द्यावे. फोनवर “अभ्यास कसा चाललाय?” एवढेच विचारू नये. “झोप लागते का? जेवलास का? कोणाशी मैत्री झाली?” हेही विचारावे. मूल गप्प-गप्प झाले असेल तर एक दिवस काढून भेटून यावे. मनावर ताण असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर करता येते.

जाण्यापूर्वी

अनामत देण्याआधी, तेथे आधीपासून राहणाऱ्या मुलांना मालकाच्या माघारी दोन प्रश्न विचारावेत : “गेल्या वर्षी इथे कोणाला कावीळ झाली होती का?” आणि “पाणी किती दिवस येत नाही?” खरे उत्तर तेथेच मिळते. करार लेखी करून नोंदवून घ्यावा. महाराष्ट्रात तशी कायद्याने सक्ती आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुलाच्या पेटीत थर्मामीटर, ओआरएसची पाकिटे आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी असावी. जवळचा दवाखाना कोणता, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

वाचकहो, हे कात्रण काढून ठेवा आणि खोली पाहायला जाताना खिशात असू द्या. टाकी, खिडकी, गीझर, मेस आणि करार या पाच गोष्टी पाहायला एक दिवस जास्त लागला तर लागू द्या. कावीळ झाली तर महिना-दोन महिने अंथरुणात जातात आणि परीक्षा काही त्यासाठी थांबत नाही.